समीकरणातली मोकळी जागा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात गणिताची पुस्तकं छपाईसाठी जुळवण्याच्या माझ्या कामाविषयी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण ते उत्तर कळलं की बाकीची निम्मी कोडी तिथेच सुटतात. उदाहरणांसाठी जुन्या बीजगणिताच्या पुस्तकांतली आपली क्ष आणि य ही अक्षरं घेते.

ताई, मी सांगलीला अकरावी-बारावीला गणित शिकवतो. प्रश्नपत्रिका आजवर वर्डमध्ये केल्या, आता लाटेक हा गणिताच्या जुळणीचा प्रोग्रॅम शिकतोय. समीकरणात मी स्पेसबार कितीही वेळा दाबला तरी छापून आल्यावर जागा दिसत नाही. आणि न दाबता बरोबरच्या चिन्हाभोवती मात्र नीट जागा सुटलेली असते. त्यातही उणे चिन्ह एका ठिकाणी अक्षराला चिकटतं, दुसऱ्या ठिकाणी लांब राहतं. हे त्या प्रोग्रॅमला कळतं कसं?

सर, 'य = −क्ष + ३' हे वर्गात मोठ्याने म्हणून बघा. 'य बरोबर', थोडं थांबता, 'उणे क्ष' एका दमात म्हणता, मग 'अधिक तीन'. 'उणे' आणि 'क्ष' यांच्यामध्ये तुम्ही कधीच थांबत नाही. लाटेकच्या पोटात जो मूळ प्रोग्रॅम आहे, टेक, तो हेच थांबणं कागदावर उतरवतो. तुमचा स्पेसबार तो समीकरणात मोजतच नाही. तो फक्त एवढं बघतो, की हे चिन्ह इथे कोणतं काम करतंय.

त्यासाठी त्याने आठ गट पाडलेले आहेत. अक्षरं आणि अंक हा साधा गट. सिग्मा, इंटिग्रल, साइन, लॉग यांचा वेगळा. दोन पदांना जोडणारी अधिक, उणे, गुणिले ही चिन्हं एका गटात. बरोबर, लहान, मोठा ही नातं सांगणारी दुसऱ्या गटात. उघडणारा कंस, मिटणारा कंस, विरामचिन्हं, आणि अपूर्णांकासारखे जोडून तयार झालेले तुकडे, हे उरलेले चार. कोणत्या गटाशेजारी कोणता गट आला की किती जागा सोडायची याचा एक तक्ता आहे, आठ गुणिले आठ, चौसष्ट घरांचा. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्याची प्रत वीस वर्षं चिकटवलेली आहे.

जागा तीनच मापांच्या. फॉन्टच्या 'एम'चे, म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराएवढ्या रुंदीचे, अठरा भाग करायचे. त्यातले तीन भाग म्हणजे बारीक जागा, चार म्हणजे मध्यम, पाच म्हणजे जाड. स्वल्पविरामानंतर आणि साइन-लॉगच्या शेजारी बारीक, अधिक-उण्याच्या दोन्ही बाजूंना मध्यम, बरोबरच्या दोन्ही बाजूंना जाड. दहा पॉइंटाच्या मजकुरात ही जाड जागा भरते जेमतेम एक मिलिमीटर, आणि मध्यम सुमारे पाऊण. म्हणजे फरक पाव मिलिमीटरसुद्धा नाही. पण तुमच्या विद्यार्थ्याच्या डोळ्याला समीकरणाच्या दोन बाजू आधी वेगळ्या दिसतात आणि पदं नंतर, ते ह्या एवढ्याशा फरकाच्या जोरावर.

आता उणे चिन्हाबद्दल. ते मुळात जोडणाऱ्या गटातलं. पण त्याच्या डावीकडे जोडण्यासारखं काही नसेल, म्हणजे समीकरणाची सुरुवात असेल, किंवा आधी बरोबरचं चिन्ह, उघडणारा कंस, स्वल्पविराम, दुसरं जोडचिन्ह असं काही असेल, तर टेक त्याला साध्या गटात टाकतो. साध्याशेजारी साधं, जागा शून्य. म्हणून '−क्ष'मध्ये ते चिकटतं आणि 'य − क्ष'मध्ये मोकळं उभं राहतं.

अकरावीला केवलमूल्य शिकवता ना? मग एक खाचखळगा आत्ताच दाखवते. उणे क्षचं केवलमूल्य लिहायला तुम्ही कीबोर्डवरची उभी रेघ, मग उणे, क्ष, परत उभी रेघ असं टाइप केलंत, तर उणे चिन्हाच्या दोन्ही बाजूंना नको ती जागा सुटते. छापलेलं असं दिसतं, की कुणी तरी उभ्या रेघेतून क्ष वजा करतंय. कारण साधी उभी रेघ उघडणारी की मिटणारी, हे टेकला समजायला मार्ग नाही. तो तिला अक्षरासारखी धरतो, आणि मग उण्याला डावीकडे जोडायला काही तरी मिळतं. पहिल्या रेघेच्या आधी बॅकस्लॅश-लेफ्ट आणि दुसरीच्या आधी बॅकस्लॅश-राइट लावा, उणे लगेच क्षला जाऊन चिकटेल. बाहेरून आलेल्या दहा हस्तलिखितांपैकी आठांत मला ही चूक दुरुस्त करावी लागते.

घातांकात काय होतं तेही बघा. 'न + १' हा घातांक असेल तर तिथल्या अधिकभोवतीची मध्यम जागा पूर्ण जाते, बरोबरभोवतीची जाड जागाही जाते. साइन-लॉगच्या शेजारची बारीक तेवढी राहते. वर चढलेलं ते सगळं मिळून एकच वस्तू आहे, असं डोळ्याने धरावं म्हणून. आणि परिच्छेदाच्या ओळीत समीकरण दाटीने बसवायची वेळ आली, तर अधिक-उण्याभोवतीची जागा अगदी शून्यापर्यंत आवळता येते, पण बरोबरभोवतीची पाच भागांच्या खाली कधीच जात नाही. ती फक्त ताणली जाते. ओळ तोडावीच लागली तर बरोबरनंतर तोडणं अधिकनंतर तोडण्यापेक्षा बरं, हेही आकडे देऊन ठरवलेलं आहे : बरोबरनंतर तोडण्याचा दंड ५००, जोडचिन्हानंतरचा ७००.

हाताने जागा सोडण्याची वेळ खरं तर थोड्याच ठिकाणी येते. इंटिग्रलच्या शेवटी 'डी-क्ष'च्या आधी, 'वर्गमुळात २'नंतर लगेच क्ष येतो तिथे, क्रमगुणिताच्या उद्गारचिन्हानंतर अक्षर येतं तिथे. बॅकस्लॅश आणि स्वल्पविराम लिहिलं की बारीक जागा मिळते. बॅकस्लॅश आणि उद्गारचिन्ह लिहिलं की तेवढीच कमी होते. याखेरीज कुठे हात शिवशिवले, तर आधी विचारा, की मी चिन्हाचा गट चुकीचा सांगितलाय का. बहुतेक वेळा तेच निघतं.

वर्ड सोडवत नसेल तरी काळजी करू नका. २००७पासून वर्डमध्ये समीकरणाची स्वतंत्र चौकट आहे आणि तिथेही जागा अशाच आपोआप सुटतात. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकदम दाबा, चौकट उघडेल. साध्या मजकुरात हायफनची कळ दाबून उणे पाच लिहू नका, एवढी कळकळीची विनंती. हायफन आखूड असतो. खरं उणे अधिकच्या आडव्या रेघेइतकं लांब आणि तेवढ्याच उंचीवर असतं. २००४ साली एका क्लासच्या पदार्थविज्ञानाच्या गाइडमध्ये मी घाईत हायफन ठेवले. एका उदाहरणात ओळ संपली ती हायफनवर आणि पाच गेला पुढच्या ओळीत. मुलांनी तो हायफन शब्द तोडल्याची खूण समजून सोडून दिला आणि अधिक पाच धरून गणित सोडवलं. प्रत छापून वाटून झाल्यावर हे कळलं. त्या पानाचं शुद्धिपत्र मी स्वतः टाइप केलं आणि स्वतः जाऊन प्रतीप्रतीत चिकटवलं.

मी नाशिकला छापखान्यात कंपोझिटर होतो, बत्तीस वर्षं. गणिताची पानं खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, जुळवली आहेत. आता हे सगळं यंत्र करतं म्हणता, मग आमच्या हातातली ती समज कुठे गेली? की वायाच गेली?

काका, वाया गेली नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

माझे वडील तुमच्याच धंद्यातले. बारा पॉइंटाच्या ओळीत घातांक बसवायचा, तर सहा पॉइंटाचा खिळा वर आणि त्याच्याखाली सहा पॉइंटाचा कोरा तुकडा. अपूर्णांकाला मध्ये पितळी रूळ, वर अंश, खाली छेद, आणि लहान असेल त्याच्या दोन्ही बाजूंना स्पेस भरून तो मधोमध आणायचा. फॉर्मा, म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर, उचलला आणि एक तुकडा जरी सैल असला तरी सगळं सांडायचं. बरोबरच्या चिन्हाशेजारी केवढा स्पेस टाकायचा हे त्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. उस्तादाच्या हाताकडे बघून ते शिकले.

आता पुढचं ऐका. अमेरिकेत स्टॅनफर्डला डोनल्ड क्नूथ नावाचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८मध्ये निघाला, तो धातूच्या टाइपात, मोनोटाइप यंत्रावर जुळवलेला. १९७७च्या मार्चअखेर दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली, ती फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे धातूऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरं उमटवलेली. अक्षरं आणि जागा पाहून ते इतके खट्टू झाले, की हातातलं लिखाण बाजूला ठेवून त्यांनी जुळणीचा प्रोग्रॅमच, म्हणजे हा टेक, लिहायला घेतला. १९७८मध्ये पहिली आवृत्ती आली, १९८२मध्ये तो पुन्हा मुळापासून लिहिला. आणि नियम कुठून घेतले? जुन्या, खिळ्यांनी जुळवलेल्या उत्तम छपाईतून. आपले जुने खंड, स्वीडनच्या 'अॅक्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकाचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अंक, अशी पानं समोर ठेवून, कुठे किती जागा सुटली आहे हे बघून. त्या पानांवरच्या जागा कुठल्या तरी कंपोझिटरने बोटांनी टाकलेल्या होत्या. मोनोटाइप यंत्रात अक्षराची रुंदी एमच्या अठरा भागांत मोजत, आणि टेकमधलं समीकरणाचं मापही अठराचंच आहे. सांगलीच्या सरांना वर दिलेलं उत्तर पुन्हा वाचा. बारीक, मध्यम, जाड हे शब्द तुम्हाला स्पेसच्या खणांसारखेच वाटतील.

तुमच्याकडे जुन्या फॉर्म्यांचे ठसे किंवा तुम्ही जुळवलेली गणिताची पुस्तकं असतील तर जपून ठेवा. मला एकदा येऊन बघायची आहेत.

ताई, मी कोल्हापूरला अर्थशास्त्र शिकवते. समीकरणात १,००,००० लिहिलं की प्रत्येक स्वल्पविरामानंतर फट पडते, आणि एक लाख हा आकडा तीन वेगळ्या आकड्यांसारखा दिसतो.

मॅडम, स्वल्पविराम विरामचिन्हांच्या गटातला आहे ना, म्हणून. टेकला वाटतं तुम्ही (२, ३) अशी यादी देताय, आणि यादीत स्वल्पविरामानंतर बारीक जागा हवीच. आकड्यातला स्वल्पविराम महिरपी कंसात टाका, फक्त तेवढं एकच चिन्ह. महिरपी कंस छापला जात नाही, पण त्यात गेलेली वस्तू साध्या गटातली होते आणि फट मिटते. लाखात दोन स्वल्पविराम, कोटीत तीन, सगळ्यांना हेच. दशांश चिन्हाला काही करायला नको. टिंब आधीच साधं धरलेलं आहे.

मी जर्मनीत पीएच.डी. करतोय, मूळचा फोंड्याचा. प्रबंधाचा मजकूर टाइम्समध्ये आहे, समीकरणं लाटेकच्या मूळ फॉन्टात. गाइड म्हणतात पान फाटल्यासारखं दिसतं. दुसरं, समीकरणात 'एफिशियन्सी' हा इंग्रजी शब्द टाइप केला तर त्यातले दोन एफ एकमेकांपासून लांब पळतात.

तुझे गाइड बरोबर सांगताहेत. टाइम्सची अक्षरं गडद आणि अंग आवळलेली. लाटेकची मूळ 'कॉम्प्युटर मॉडर्न' अक्षरं बारीक रेघांची आणि ऐसपैस. मजकुरातला ५ आणि समीकरणातला ५ एकाच ओळीत शेजारी आले की दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे दिसतात. टाइम्सला जोडीदार हवा तर 'स्टिक्स टू मॅथ' किंवा 'टेक जायर टर्मीस मॅथ' घे. वर्डमध्ये असतास तर कॅम्ब्रियाबरोबर 'कॅम्ब्रिया मॅथ' म्हटलं असतं.

मात्र कुठलाही देखणा फॉन्ट उचलून समीकरणाला लावता येत नाही. गणिताच्या फॉन्टमध्ये अक्षरांबरोबर मापांचा एक तक्ता असतो : घातांक किती उचलायचा, अपूर्णांकाची रेघ किती जाड आणि किती उंचीवर, कंस वाढत गेले की कोणकोणते आकार वापरायचे. तो तक्ता नसेल तर प्रोग्रॅम काय करणार? लहान अक्षरांचंही तसंच. दहा पॉइंटाच्या मजकुरात घातांक सात पॉइंटाचा आणि घातांकाचा घातांक पाचाचा. कॉम्प्युटर मॉडर्नमधलं पाच पॉइंटाचं अक्षर म्हणजे दहाचं निम्मं केलेलं नव्हे. ते मुद्दाम जास्त रुंद आणि प्रमाणात जाड काढलेलं आहे, नाही तर त्याच्या बारीक रेघा कागदावर उरणारच नाहीत. भिंग घेऊन दोन्ही शेजारी बघ, मला ते बघायला अजून आवडतं.

एफ पळतात, कारण समीकरणात तू शब्द लिहिलाच नाहीस. तू एकामागून एक चलं लिहिलीस आणि टेकने त्यांचा गुणाकार समजला. गणिताचा तिरका टाइप मजकुराच्या इटॅलिकपेक्षा वेगळा असतो. त्यात प्रत्येक अक्षर एकटं उभं राहील अशी बेतलेली जागा असते. शब्द हवा तर बॅकस्लॅश-टेक्स्टच्या महिरपी कंसात घाल. आणि साइन, लॉग यांना बॅकस्लॅश लाव. मग ती सरळ अक्षरांत येतात आणि पुढची बारीक जागाही सुटते. नाही तर 'साइन क्ष' म्हणजे एस, आय, एन आणि क्ष या चौघांचा गुणाकार.

मी लातूरचा. शाळेतल्या मुलांसाठी मराठीतून गणिताचं पुस्तक लिहितोय. 'क्षेत्रफळ = लांबी × रुंदी' असं समीकरण टाइप केलं तर पानावर फक्त बरोबर आणि गुणिले ही दोन चिन्हं उरली. बाकी सगळं गायब. चूक कुठलीच दाखवली नाही!

हे पत्र वाचून मला माझं पहिलं मराठी पुस्तक आठवलं. ती दोन चिन्हं कोऱ्या पानावर उभी असलेली मीही पाहिली आहेत.

चूक त्याने नोंदवलेली असते, पण लॉगच्या फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, 'मिसिंग कॅरेक्टर' अशी. समीकरणातलं प्रत्येक चिन्ह टेक गणिताच्या फॉन्टात शोधतो, आणि त्या फॉन्टात देवनागरी नसते. मग तो ते अक्षर सोडून पुढे जातो. तुम्हाला वाटेल, की देवनागरी फॉन्टच गणिताला लावून द्यावा. तसं करू नका. समीकरणात अक्षरं सुटी सुटी उचलली जातात, म्हणून 'क्ष' जुळत नाही, 'लि'ची वेलांटी आपल्या जागी जात नाही, शिरोरेघ तुटते. आपल्या लिपीत अक्षर शेजाऱ्याशी जोडल्यावरच पुरं होतं, आणि समीकरणाची जुळणी शेजाऱ्याचा संबंध फक्त जागेपुरता बघते.

म्हणून प्रत्येक मराठी शब्द बॅकस्लॅश-टेक्स्टमध्ये. 'एएमएसमॅथ' हे पॅकेज आधी घ्या. फाइल झीलाटेक किंवा लुआलाटेकवर चालवा. जुन्या पीडीएफलाटेकवर युनिकोड देवनागरी फॉन्ट सरळ लावता येत नाही. फॉन्ट म्हणून मी आयआयटी मुंबईत तयार झालेला 'शोभिका' वापरते. तो मोफत आहे, जोडाक्षरं भरपूर आहेत, आणि त्यातली रोमन अक्षरं देवनागरीशेजारी नीट बसतात.

दोन गोष्टी मात्र तुम्हाला हाताने सांभाळाव्या लागतील. पहिली, शब्दांचा अपूर्णांक. 'लांबी'वरचा अनुस्वार, वेलांटी, रफार हे शिरोरेघेच्या वर जातात आणि उकार खाली लोंबतो. टेक रेघेपासून किमान अंतर राखतो, पण वेगळ्या ओळीत मांडलेल्या समीकरणात ते रेघेच्या जाडीच्या तिप्पट, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. रोमनला ते पुरतं. छेदात 'रुंदी' आला की अनुस्वार रेघेला टेकल्यासारखा दिसतो, आणि अंशातला 'रु'चा उकार वरून तिच्यावर येऊन बसतो. छेदातल्या आणि अंशातल्या शब्दाशेजारी बॅकस्लॅश-स्ट्रट लिहा. तो एक न दिसणारा टेकू आहे, रुंदी शून्य, उंची ओळीएवढी. त्याने शब्दाभोवती मोकळा श्वास मिळतो.

दुसरी, अक्षराच्या पायाशी लिहायचे शब्द. क्षेत्रफळाच्या खाली 'त्रिकोण' असं लहान टायपात लिहाल, तर ते सात पॉइंटाचं होईल. रोमन अक्षर सातला वाचता येतं. आपलं 'त्रि' सातला काळा ठिपका होतं, विशेषतः शाळेच्या पुस्तकाच्या कागदावर. एक तर एकच अक्षर ठेवा, 'त', किंवा पायाचा टाइप आठ-साडेआठपर्यंत वाढवा. मुलांच्या पुस्तकात मी नेहमी वाढवते, पान चार ओळींनी लांबलं तरी.

तुमच्या प्रकरणातलं समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाचं पान मला पाठवा, जसं असेल तसं. समांतर बाजूंच्या लांबींची बेरीज कंसात, बाहेर एक छेद दोन, पुढे उंची : त्या एका ओळीत कंसाची उंची, टेकू आणि गुणिलेभोवतीची जागा, सगळं येतं. मी जुळवून, खुणा करून परत पाठवते, म्हणजे उरलेली पानं तुम्हाला त्यावर बेतता येतील.